वाजवी पोचा

अड्याळहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हिवरटोली नावाचं गाव आहे. फेब्रुवारी महिन्यात या गावच्या प्राथमिक शाळेत पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या आल्या आणि मुख्याध्यापक कृष्णराव समरित यांची झोप उडाली.

बाटल्या पुण्याच्या एका संस्थेने दिल्या होत्या, पटावरच्या प्रत्येक मुलाला एक. मुलांनी प्लास्टिकमधून पाणी पिऊ नये आणि एकच बाटली वर्षानुवर्षं वापरावी, असा संस्थेचा चांगला हेतू होता. हेतू चांगला असला की त्यासोबत परिपत्रक येतं, तसं तेही आलं. तालुक्याच्या कार्यालयाने त्यात कळवलं होतं की, बाटली विद्यार्थ्याच्या वापरासाठी असली तरी ती शाळेची मालमत्ता समजली जाईल. तिचा टिकाऊपणा पाच वर्षांचा धरण्यात आला आहे. या मुदतीत बाटली खराब झाल्यास ती मुख्याध्यापकांची हयगय समजून वसुली करण्यात येईल.

कृष्णराव मे महिन्याअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्याकडे शाळेचं काहीही बाकी नाही, असा कागद कार्यालयातून मिळाल्याशिवाय पेन्शनची फाईल हलणार नव्हती. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाळेची एक सुईसुद्धा हरवू दिली नव्हती. शाळेत सुई कोणी वापरलीच नव्हती, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी बाटल्या वाटल्या गेल्या. मुलांनी त्या दुपारच्या सुट्टीपर्यंत पाणी पिण्यासाठी वापरल्या आणि सुट्टीनंतर बाटलीचे इतर उपयोग त्यांच्या लक्षात आले. बाटली फेकून चिंचा पडतात. दोन बाटल्या ठेवल्या की क्रिकेटचा स्टम्प होतो. रिकामी बाटली वाजते, भरलेली बकरीमागे गडगडवली तर बकरी पळते. संध्याकाळी कृष्णरावांनी बाटल्या मोजून घेतल्या तेव्हा निम्म्यांवर ओरखडे होते आणि तीन बाटल्यांना पोचे आले होते.

"सर, बाटल्या वापरून राहिली पोरं. त्याच्यासाठीच आल्या ना?" रिता लांजेवार म्हणाल्या. शाळेत दोनच शिक्षक होते, कृष्णराव आणि या रिता मॅडम. त्यांची नोकरी नवी होती, त्यामुळे त्या असे प्रश्न विचारत.

"मॅडम, त्या टिकण्यासाठी आल्या आहेत," कृष्णराव म्हणाले. "वापरासाठी असत्या तर परिपत्रकात तसं म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवशी बाटल्या परत घेण्यात आल्या. शाळेत एक लोखंडी कपाट होतं. पृथ्वीचा गोल, सूक्ष्मदर्शक आणि हार्मोनियम या वस्तू त्यात गेली कित्येक वर्षं नव्यासारख्या टिकून होत्या. ओरखडे राखेने घासून आणि पोचे ठोकून सरळ करून बाटल्या तिथेच ठेवल्या गेल्या. खिचडी शिजवणाऱ्या शकुनबाई चुलीपाशी बसून हे पाहत होत्या.

"अन् पोरं पानी कायनं पेतीन जी?" त्यांनी विचारलं.

"आधी कशानं पीत होती?"

"ओंजळीनं."

"मग ओंजळ चांगली. तिला पोचा येत नाही," कृष्णराव म्हणाले. यात आपण काही विनोद केला, असं त्यांना वाटलं नाही.

फक्त एक बाटली परत आली नव्हती. ती तिसरीतल्या गुंजनची. गुंजनचे वडील बाहेरगावी कामाला असत. तिची आई मंगलाबाई मोहफुलांच्या दिवसांत पहाटे जंगलात फुलं वेचायला जाई आणि गुंजन आईला मदत करून तिकडूनच शाळेत येई. बाटली आण म्हटलं की ती सांगे, "आईपाशी हाय सर." आईकडे निरोप गेला की उत्तर येई, "उन्हाचं पोरीले पानी लागते, मोह सरला की देतो." कृष्णरावांनी दोनदा निरोप पाठवला आणि मग तो विषय सोडला. रिता मॅडमची स्वतःची बाटली अगदी तशीच होती. एकीची उणीव भरून काढायला ती कपाटात ठेवण्यात आली. हिशेब जमला.

दर शनिवारी फोटो काढून वर पाठवायचा होता. शनिवारी कपाट उघडे, मुलांच्या हाती बाटल्या दिल्या जात, मुलं हसत, फोटो निघे आणि बाटल्या पुसून परत आत जात. त्या भरल्या जात नसत, कारण हिवरटोलीच्या पाण्याने भांड्याला आतून पांढरा थर चढतो. मुलांनी पाणी पितानाचा आव आणावा, एवढीच अपेक्षा होती. दुसरीतली मुलं हे काम फार मन लावून करत.

मार्चच्या शेवटी विस्तार अधिकारी भय्याजी निंबार्ते टिकाऊपणाची पडताळणी करायला आले. गाडीतून उतरताना त्यांच्या हातात प्लास्टिकची सीलबंद पाण्याची बाटली होती. तिच्यातलं पाणी संपवून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि प्लास्टिकमुक्तीच्या कामाला सुरुवात केली. कृष्णरावांनी मोठ्या समाधानाने कपाट उघडलं. आतून इतका लखलखाट झाला की भय्याजींनी डोळे बारीक केले.

"समरित सर, ह्या तं नव्या आहेत."

"नव्यासारख्या ठेवल्या आहेत, साहेब."

"तेच म्हणून राहिलो मी. वापर झालेला दिसत नाही." भय्याजींनी एक बाटली उचलून उलटी केली. "संस्थेनं वापरासाठी दिल्या. वापर झाला नाही म्हणजे उद्देश विफल. उद्देश विफल झाला तं पूर्ण वसुली."

"पण साहेब, खराब झाली तरी वसुली आहे."

"आहे ना. पोचा पडला तं हयगय. पोचा नाही पडला तं अनास्था. हयगयीले माफी असते कधी कधी. अनास्थेले नसते."

कृष्णरावांनी परिपत्रक पुन्हा वाचून पाहिलं. शेवटी त्यांनी चौतीस वर्षांत वरिष्ठांना कधी विचारला नव्हता असा प्रश्न विचारला. "साहेब, मग किती पोचे चालतील?"

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचं उत्तर भय्याजींकडे नव्हतं. त्यांनी वरून मार्गदर्शन मागवलं. आठवड्याभरात मार्गदर्शन आलं. 'बाटलीवर दैनंदिन वापराच्या प्रमाणात वाजवी झीज आढळून येणे अपेक्षित असून ती वाजवीपेक्षा अधिक अथवा उणी नसावी.' भय्याजींनी फोनवर त्याचा अर्थ लावून दिला. तळाजवळ एक पोचा, मध्यम खोलीचा. अंगावर ओरखडे, पण उभे. झाकण किंचित ढिलं, पण गळती नको. आणि सगळ्या बाटल्या सारख्या, कारण एका शाळेत एकीची झीज कमी आणि दुसरीची जास्त असली की चौकशी लागते.

"सर, पोरांना देऊन टाकू," रिता मॅडम म्हणाल्या. "महिन्याभरात आपोआप झिजतील. उन्हाळाही आला आहे. काल गुणाकार करता करता तिसरीतला एक पोरगा डोकं धरून खाली बसला."

"पोरांवर विसंबून चालणार नाही मॅडम. पोरं झीज सारखी करत नाहीत."

त्या रविवारी कृष्णराव सगळ्या बाटल्या दोन पोत्यांत भरून भंडाऱ्याला गेले. पितळी भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत आता मोजकीच दुकानं उरली आहेत. त्यातलं एक टेकचंद हेडाऊ यांचं. पितळेचे गुंड, म्हणजे पाणी साठवायची मोठी भांडी, आणि घागरी घडवण्यात त्यांचं वय गेलं होतं. हल्ली काम नसे, म्हणून ते दुकानात पेपर वाचत बसत. त्यांनी पोत्यातली एक बाटली काढून हातावर फिरवली.

"हिले काय झालं जी? चांगली तं हाय."

"तेच झालं आहे," कृष्णराव म्हणाले. "पोचे पाडायचे आहेत."

टेकचंदांनी चष्मा वर केला. "काढाचे म्हणता का?"

"पाडायचे."

"काहून?"

कृष्णरावांनी परिपत्रकापासून सगळं सांगितलं. टेकचंदांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मास्तर, लोकं पोचलेलं भांडं घेऊन येत, मी ते सरळ करून देत होतो. सारा जनम तेच केलं. आता भांडं सरळ हाय तं तुम्ही रडून राहिले." त्यांनी बाटली कानाशी धरून बोटाने वाजवली. "किती खोल पाहिजे?"

"वाजवी."

"वाजवी म्हणजे आंगठ्याएवढा धरू?"

"धरा. पण सगळ्यांचा सारखा पाहिजे."

"सारखा पाहिजे तं लाकडाचा साचा कराव लागन."

टेकचंदांनी साचा केला. कितीतरी दिवसांनी हातात काम आलं होतं, त्यामुळे ते त्यांनी जीव लावून केलं. तीन दिवसांनी कृष्णराव बाटल्या घ्यायला गेले तेव्हा प्रत्येक बाटलीवर तळापासून चार बोटांवर एकेक पोचा होता. पोचा कसला, खळीच होती ती. कडा गोल, मध्यभाग गुळगुळीत, आणि रांगेत ठेवल्या की सगळ्या पोच्यांवर उजेड एकाच बाजूने पडे. ओरखडेही उभे आणि समांतर होते.

दुसऱ्या पडताळणीला भय्याजी आले तेव्हा एप्रिलचं ऊन तापलं होतं. सकाळची शाळा होती तरी नऊ वाजताच व्हरांड्याची फरशी चटके देत होती. भय्याजींनी बाटल्या पाहिल्या. एकेका पोच्यात अंगठा घालून पाहिला. अंगठा प्रत्येकीत नेमका बसला.

"याले म्हणते वापर," ते म्हणाले. "समरित सर, मी इतक्या शाळा फिरलो, पण अशी शिस्तीतली झीज नाही पाहिली."

कृष्णरावांच्या छातीवरचा दगड उतरला. नेमक्या त्याच वेळी गुंजन शाळेत आली. पहाटेपासून ती जंगलात होती, केसांत वाळलेली पानं होती. तिच्या हातात एक बाटली होती आणि तिच्यावर मंगलाबाईंनी जुन्या लुगड्याचं फडकं शिवून चढवलं होतं. फडकं ओलं होतं. गुंजनने दारातच झाकण उघडून दोन घोट पाणी घेतलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"हे काय आहे?" भय्याजींनी विचारलं.

"बॉटल," गुंजन म्हणाली.

फडकं काढण्यात आलं. आतली बाटली चुलीशेजारी राहून एका बाजूने काळी पडली होती. पोचे इतके होते की ती कोणत्या आकाराची होती हे सांगणं कठीण झालं असतं. झाकणाची कडी तुटून तिथे सुतळी आली होती. तळावर मात्र संस्थेचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

भय्याजींनी पुन्हा बाटल्या मोजल्या. एक जास्त भरली. बाटली कमी भरली असती तर वसुली करून मोकळं होता आलं असतं. जास्त भरली तर ती कुठून आली, हे सांगावं लागतं आणि सरकारी कामात याहून अवघड काही नाही. रिता मॅडमनी कपाटातली एक बाटली आपली असल्याचं सांगितलं, पण तिच्यावर वाजवी पोचा असल्यामुळे ती आता शाळेची ठरली होती. म्हणजे गुंजनची बाटली अतिरिक्त होती, आणि शिवाय निकामी.

"निकामी नाही साहेब, पाणी गळत नाही तिच्यातून," रिता मॅडम म्हणाल्या.

"गळतीचा प्रश्न नाही मॅडम. झीज वाजवीपेक्षा अधिक आहे. ती बाद करावी लागन. अन् बाद केलेली वस्तू कोणी वापरू नये म्हणून ती आधी निरुपयोगी करून मग विल्हेवाट लावतात. नियम आहे. आताच करून टाकू, म्हणजे समरित सरांचा कागद मोकळा."

कृष्णराव गुंजनजवळ गेले. "बेटा, ही आम्हाला दे. तुला नवी देतो."

"केव्हा?"

कृष्णरावांनी विचार केला. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, फक्त ते लिहायची होती. "पाच वर्षांनी," ते म्हणाले.

"मंग हेच राहू द्या ना सर."

त्यांनी बाटली तिच्या हातातून घेतली. तिने ती सोडायला थोडा वेळ लावला. तेवढ्या वेळात तिच्या बोटांचा गारवा त्यांच्या बोटांना लागला आणि पुढे काही दिवस तो गेला नाही.

बाटली निरुपयोगी करण्याचं काम अंगणात सुरू झालं. आधी ती दगडावर आपटण्यात आली. तिला नवे पोचे आले, पण पाणी भरून पाहिलं तर एक थेंब गळेना. मग शाळेच्या छतावरून खाली टाकली. ती शकुनबाईंच्या चुलीपाशी जाऊन पडली आणि शकुनबाईंनी ती उचलून दिली. मग धान घेऊन जाणारा एक ट्रॅक्टर थांबवून तिच्यावरून चाक नेण्यात आलं. बाटली चपटी झाली. भरून पाहिली. पूर्वीपेक्षा कमी मावत होतं, एवढंच.

दहा वाजून गेले होते. भय्याजींनी याही खेपेला आणलेली सीलबंद बाटली केव्हाच संपली होती आणि त्यांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चपटी बाटली उचलली आणि तिच्यातलं परीक्षेसाठी भरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"चांगली आहे बॉटल," ते तोंड पुसत म्हणाले. "छिन्नी आहे काय कुठं?"

शेजारच्या घरून छिन्नी आणि हातोडी आणली. भय्याजी म्हणाले, मुख्याध्यापकांनीच केलेलं बरं, जबाबदारी त्यांची आहे. कृष्णराव उकिडवे बसले. वर्गाच्या खिडक्यांतून सगळी मुलं पाहत होती. पहिले दोन घाव निसटले. तिसऱ्या घावाला छिद्र पडलं आणि तळाशी राहिलेलं थोडं पाणी मातीत गेलं. रिता मॅडमनी मुलांना आत वळवून पाढे म्हणायला लावले. गुंजन मोठ्याने म्हणत होती. आवाजात रडणं नव्हतं, त्यामुळे कृष्णरावांना वर्गाकडे बघवेना.

कागद मिळाला. मे महिन्यात कृष्णराव निवृत्त झाले.

हिवरटोलीचा अहवाल वर गेला आणि तिथून आणखी वर गेला. तालुक्यातल्या इतर शाळांना हिवरटोलीच्या धर्तीवर झीज राखण्याच्या सूचना मिळाल्या. टेकचंदांच्या दुकानापुढे पोती घेऊन आलेल्या मुख्याध्यापकांची रांग लागली. 'शालेय बाटल्यांना वाजवी पोचे पाडून मिळतील', अशी पाटी त्यांनी लावली. तिकडे पुण्याच्या संस्थेने सगळ्या शाळांचे फोटो तज्ज्ञांना दाखवले. भंडारा जिल्ह्यात दैनंदिन वापरात बाटली तळापासून चार बोटांवरच कमजोर पडते, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. आता नव्या बाटलीला नेमकं तिथे दुहेरी पत्रा देण्यात येणार आहे. टेकचंदांनी त्यासाठी जड हातोडा करून घेतला.

कृष्णरावांना मात्र चैन पडेना. पहिली पेन्शन जमा झाली त्या दिवशी ते अड्याळच्या बाजारात गेले, तिथली सगळ्यात मजबूत स्टीलची बाटली घेतली आणि गुंजनच्या घरी गेले. गुंजन गोठ्यात होती. मंगलाबाईंनी त्यांना खाटेवर बसायला दिलं, चहा केला, बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि उजेडात धरून पाहिली.

"लयच चांगली हाय जी मास्तर. कायले एवढा खर्च केला?"

"गुंजनसाठी आहे. तिला रोज वापरू द्या. जंगलात नेऊ द्या."

"जंगलात?" मंगलाबाईंनी बाटली पदराने पुसली. "एवढी चांगली बाटल जंगलात नेली तं पोचे पडतीन. पेटीत ठेवतो. तिच्या लग्नात रुखवतावर शोभन."

कृष्णरावांना खूप बोलायचं होतं. झीज, वापर, वस्तू कशासाठी असते, असं बरंच काही. पण तोंड उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या विषयावर आयुष्यभर ते जे बोलले, ते सगळं मंगलाबाईंच्या बाजूचं होतं. त्यांनी चहा संपवला आणि घरी आले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापकाचा कार्यभार रिता मॅडमकडे आला. पहिल्याच दिवशी बाटल्या मुलांना वाटून टाकायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं, पण त्याआधी पत्र आलं. हिवरटोलीच्या बाटल्या आता नमुना म्हणून जतन करायच्या आहेत. इतर जिल्ह्यांतून अधिकारी पाहायला येतात. त्या जागच्या हलवू नयेत. पत्राच्या शेवटी टिकाऊपणाबद्दल शाळेचं अभिनंदन होतं. रिता मॅडमनी ते दोनदा वाचलं, कपाटाची किल्ली परत खुंटीला अडकवली आणि मग तिसरीची हजेरी घ्यायला गेल्या.

मुलांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. हाच रस्ता पुढे पवनीकडे जंगल सफारीला जातो. शनिवार-रविवारी नागपूरच्या, पुण्या-मुंबईच्या गाड्या भरभरून जातात आणि सोमवारी सकाळी रस्त्याच्या कडेला हव्या तितक्या प्लास्टिकच्या बाटल्या पडलेल्या असतात. गुंजन आणि तिच्यासोबतची पोरं शाळेत येताना त्या वेचतात, हापशावर धुतात आणि वापरतात. या बाटल्या कितीही आपटल्या तरी फुटत नाहीत, त्यांना पोचे येत नाहीत आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही. शाळेत आजवर आलेल्या वस्तूंत याच खऱ्या वापरात आहेत.

दिवाळीच्या सुट्ट्यांत आपणही या बाजूला याल. वाघ दिसो न दिसो, तहान लागेलच. पाणी पिऊन झालं की खिडकीची काच खाली करून बाटली बाहेर टाकताना एवढं कराल का, झाकण घट्ट लावून टाका. बाटली पोरांना चटकन सापडते. झाकण शोधता शोधता त्यांची प्रार्थना बुडते.